पायांपुरता खड्डा

तांडापेठेतल्या आमच्या घरात
पुढच्या खोलीची एक फरशी ठोकली की
वेगळं बोलायची.
बाकीच्या मुक्या.
ही मात्र पोकळ, किडक्या दाढेसारखी.

तिच्याखाली मागाचा खड्डा होता.
बाबा काठावर बसायचे, पाय आत सोडून.
वर हात, धोटा, खटका,
खाली पावड्या.
मला वाटायचं
सगळ्यांचेच बाबा जमिनीतून अर्धे उगवतात.

मे महिन्यात माग बंद असला
की दुपारी मी आत उतरून झोपायची.
सत्तेचाळीस अंशांचं नागपूर वर राहायचं.
खाली गार माती, खळीचा आंबूस वास,
आणि डोळ्यांवर ताणा,
दोन हजार धाग्यांचं छत.
आई पलीकडे कांड्या भरत असायची.
रहाटाचा आवाज बंद झाला की मला जाग यायची.

बाबा सुरतेला गेले त्या साली खड्डा बुजवला.
पोरं पडतील, आई म्हणाली.
मुरूम, फुटकी कौलं, मोडकी फणी.
वर फरशी. फरशीवर दिवाण.
मागाचं लाकूड दोन हिवाळे पुरलं.
बाबांचं पत्र यायचं, नंतर फोन,
नंतर फक्त महिन्याच्या सात तारखेला पैसे.

मी चित्रकला शिकले.
प्रदर्शनासाठी लोकांच्या घरी फिरले.
जरीपटक्यात लालवाणी बाईंनी रल्ली दाखवली,
सिंधची, ठिगळ ठिगळ,
पण घडी मोडू दिली नाही.
कळमन्यात फुलेसरीनं रायपूरकडचं सूप दाखवलं
आणि त्यातच मला चहा-बिस्किटं दिली.
सगळे काहीतरी घेऊन आले होते.
आमच्याकडून एक माणूस गेला होता,
आणि त्यानं मागे ठेवलेलं
कुणाला उचलून नेता येण्यासारखं नव्हतं.

म्हणून मी फरशी काढली.
काऊन खोदून राहिली व, शेजारचे धकाते काका म्हणाले,
धन सापडलं का?
सापडलं ते असं: नऊ कांड्या,
माझी एक चप्पल,
आणि अगदी तळाला, घट्ट मातीत,
टाचांनी पाडलेल्या दोन वाट्या.

खड्डा नेता येत नाही. मी त्यात प्लॅस्टर ओतलं.
वीस पोती.
साखळी-कप्पीनं काढलं, आठ माणसांनी ढकललं,
दाराची चौकट काढावी लागली,
छोटा हत्ती पुलावर धापा टाकत होता.

सिव्हिल लाइन्सच्या गार पांढऱ्या हॉलमध्ये
आमचा खड्डा उलटा, दिव्याखाली.
टाचांच्या वाट्या आता वर आलेली दोन टेंगळं.
बाजूला पाटी: स्थलांतर. प्लॅस्टर, माती, सूत.
एकानं विचारलं, समाधी आहे का?
एका मुलाला तो फ्रीज वाटला.
पेपरवाल्यानं माझ्या नावातला न्हस्व उकार दीर्घ केला.

तिसऱ्या दिवशी बाबा आले,
अहमदाबादच्या गाडीनं, रात्रभर बसून.
इस्त्रीचा शर्ट, हातात फरसाणचा पुडा.
पाटी वाचली नाही.
एक फेरी मारली, मग दुसरी,
जशी बाजारात म्हशीभोवती मारतात.
मग टेंगळांवर हात ठेवला,
बरोबर दोन्हीवर, न शोधता.
पोरगा रखवालदार म्हणाला, काका, हात नाही लावायचा.

बाबांनी हात काढला.
काठावर टेकून बसावं तसे वाकले,
एक पाय उचलला,
आणि तसाच हवेत धरून राहिले थोडा वेळ.

पाय कुठं सोडू व आता, म्हणाले.
तू बी बुजवूनच टाकला ना हा.

मी काही बोलले नाही.
फरसाणचा पुडा सोडला.
आम्ही दोघांनी हॉलच्या पायरीवर बसून खाल्लं,
तेल बोटांना, पाय रस्त्यात.